द्रासच्या उकिरड्यावरचं अस्वल

फौजी_उचगाव | रविवार, रात्री ९:४०

परवा जांबोटीच्या बाजूला मेहुण्याकडे गेलो होतो. काजूच्या बागेत अस्वल येतंय म्हणून त्याने रात्रीची राखण ठेवलीय. राखणीची पोरं शेकोटीजवळ अस्वलाच्या गोष्टी सांगत होती आणि मला एकसारखं दुसरंच अस्वल आठवत होतं. आपल्याकडचं काळं, झिपरं नव्हे. ते गव्हाळ रंगाचं होतं, उन्हात उभं राहिलं की वाळलेल्या गवताची पेंढी वाटावी असं. खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, आणि पुढच्या पायांना कुदळीसारखी लांब नखं.

कारगिलच्या लढाईनंतर तीन-चार वर्षांनी आमची तुकडी द्रासच्या वरच्या अंगाला होती. पलटणीचं नाव आणि ठिकाण लिहीत नाही. बर्फ वितळायला लागलं की मे महिन्यात एक मादी दोन पिल्लं घेऊन उतरायची. सुरुवातीला लांब, समोरच्या उतारावर. दुर्बिणीतून बघायचो. ती दिवसभर माती उकरायची, मुळं खायची. मार्मोट नावाचा मांजरापेक्षा मोठा, बिळात राहणारा प्राणी तिकडे असतो. त्याच्या बिळाशी ती तास-तास खणत बसायची. कंबरेएवढा खड्डा आणि शेवटी बहुतेक वेळा हाती काहीच नाही. पिल्लं मागे बसून बघत असायची.

आमच्या लंगरच्या मागे घळ होती. उरलेली डाळ, चपात्या, गोड दुधाचे रिकामे डबे तिथे पडायचे. मादीला वास लागला. एके संध्याकाळी ती घळीच्या तोंडाशी आली आणि मी तिच्या दिशेने दोन चपात्या भिरकावल्या. पहिली चपाती मी टाकली, हे मला स्पष्ट आठवतं. 'जनावरांना खायला घालायचं नाही' असा हुकूम होता आणि तो आम्हाला वाचूनही दाखवला होता. पण सहा महिने बर्फ आणि त्याच दहा माणसांची तोंडं बघितलेल्या माणसाला दोन पिल्लं खेळताना दिसली की हुकूम आठवत नाही.

ऑगस्टपर्यंत ती भांडी वाजली की यायला लागली. उतारावर खणणं बंद. पिल्लं तर आमच्यातच वाढल्यासारखी. एकाच्या पंजात डब्याचा कापलेला पत्रा घुसला होता, तो किती दिवस लंगडत होता. आम्ही लांबून बघायचो, करणार काय? पुढच्या वर्षी मे महिन्यात मादी आली तेव्हा पिल्लू एकच होतं.

त्या उन्हाळ्यात तिने आमची रेशनची कोठी फोडली. मग खालच्या गावात एका घराचं दार फोडून पिठाची पोती ओढली. त्या घरात म्हातारी आणि दोन लहान नातवंडं होती, दैवाने मागच्या खोलीत होती म्हणून वाचली. गावाने दगड मारून, डबे वाजवून मादीला नाल्याकडे हाकललं. त्यानंतर ती दिसली नाही, पिल्लूही नाही. गावाला मी दोष देत नाही. त्या मादीला माणसाच्या दारात आणून सोडलं होतं ते मी.

इतक्या वर्षांत हे घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही. आपल्यात जंगलाचा अभ्यास असलेले लोक आहेत म्हणून विचारतो. ही अस्वलं आता किती उरलीत? आणि एक पिल्लू गेलं म्हणजे त्यांच्या हिशेबात नेमकं किती गेलं?

---

लोंढा_जंक्शन | रविवार, रात्री १०:१५

दोनदा वाचलं. लिहिलंत ते बरं केलंत काका.

---

जंगलवाट | रविवार, रात्री ११:५०

काका, मी मूळची टिळकवाडीची, सध्या हिमाचलात कामाला. तुम्ही पाहिलंत ते हिमालयातलं तपकिरी अस्वल. लडाखीत त्याला द्रेन्मो म्हणतात. जगात तपकिरी अस्वलं २ लाखांच्या आसपास आहेत, त्यातली निम्मी तरी रशियात. त्यामुळे 'या जातीला धोका नाही' असं कागदोपत्री दिसतं आणि लोक निर्धास्त होतात. पण हिमालयातली शाखा वेगळी आहे आणि ती अतिशय बिकट अवस्थेत आहे. भारतात ५०० ते ७५० असावीत असा अंदाज सांगितला जातो. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, थोडी उत्तराखंडात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे वाघाएवढंच संरक्षण.

आता तुमचा दुसरा प्रश्न. उत्तर जड आहे, पण तुम्ही विचारलंय म्हणून देते.

द्रासच्या उत्तरेला, ताबारेषेपलीकडे देवसाईचं पठार आहे. तिथल्या अस्वलांवर बरीच वर्षं बारकाईने काम झालं. तिथली मादी पहिल्यांदा विते ती सरासरी ८ वर्षांची झाल्यावर. एका वेळी पिल्लं सरासरी १.३३, म्हणजे बहुतेकींना एकच. आणि दोन वेतांमधलं अंतर ५.७ वर्षं. जगभरातल्या तपकिरी अस्वलांमध्ये इतका मंद पाळणा क्वचितच दिसतो. कारण साधं आहे, तिथे खायला कमी आणि उन्हाळा आखूड. गाय वर्षा-दीड वर्षाने विते, हिला पुढच्या खेपेला जवळजवळ सहा वर्षं लागतात. मादी वीस-पंचवीस वर्षं जगली तरी आयुष्यभरात तिची तीन-चार पिल्लं मोठी झाली तर खूप. तुमच्या मादीला दोन पिल्लं होती, म्हणजे तिचं ते भाग्याचं वेत होतं.

तरीही देवसाईतूनच एक चांगली बातमी आहे. १९९३ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथे १९ अस्वलं मोजली होती. २००६ पर्यंत ती ४३ झाली. शिकार थांबली, मधल्या भागात माणसाची वर्दळ कमी झाली, बस्स एवढंच. इतकं सावकाश वाढणारं जनावरसुद्धा मोकळं सोडलं तर सावरतं.

---

यळ्ळूर_गड | सोमवार, सकाळी ७:०५

काकांच्या मनाला लागलंय ते कळतंय. पण एक सांगतो, राग मानू नका. माझे चुलते खानापूर तालुक्यात मोळी आणायला गेलेले असताना अस्वलाने त्यांचा अर्धा चेहरा फाडला. एक डोळा गेला. त्यानंतर ते चारचौघांत बसायचे नाहीत, लग्नाकार्याला जायचे नाहीत. वाघ-बिबट्याची बातमी होते. २०२२ च्या ऑगस्टात बिबट्या गोल्फ मैदानाजवळ शिरला तेव्हा सगळं बेळगाव महिनाभर तेच बोलत होतं, शाळा बंद होत्या. अस्वलाने फाडलेल्या माणसाकडे कोण बघतं? 'अस्वलं वाचवा' म्हणणाऱ्यांनी त्या घरात एकदा जाऊन यावं.

---

कणकुंबी_पाऊस | सोमवार, सकाळी ८:३०

यळ्ळूरकर, तुमच्या चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या वाडीत असे दोघे आहेत. तुम्ही म्हणताय ते खोटं नाही.

खरं हे आपलं अस्वल आणि काकांचं अस्वल एक नव्हे. आपलं ते वारुळं फोडणारं. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतनं ते वाळवी फुर्रकन ओढून घेतंय. रात्री शांत असलं की लांबनं आवाज येतोय. ते थंडीत झोपत नाही, बारा महिने फिरतंय. आणि पिल्लं पाठीवर घेऊन चालतंय, लांब केस धरून पिल्लं बसलेली असतात. आमच्या आजीने बघितलंय, मीही एकदा बघितलंय, भीमगडच्या वाटेवर.

ते अंगावर का येतंय तर वाघाच्या जंगलात वाढलंय. पळून वाघापुढं निभाव लागत नाही, झाडावर चढलं तर वाघ खाली बसतोय. म्हणून उभं राहून तोंडावर मारायचं हीच त्याची खोड. त्याची नजर मंद, नाक खाली वाळवीत. आपण गप्प चालत गेलो की दहा पावलांवर येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि कळलं की घाबरून मारतंय. म्हणून आमच्यात काठीला घुंगरू बांधतात, नाहीतर बोलत, खाकरत जायचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला करवंदीच्या जाळीत एकट्याने शिरायचं नाही. हे पोरांना चालता येण्याआधी शिकवतात.

---

यळ्ळूर_गड | सोमवार, सकाळी ९:१०

पाऊस, घुंगराचं माहीत नव्हतं. चुलते एकटेच गेले होते, पहाटे.

---

निपाणीकर_बाई | सोमवार, दुपारी २:२०

अस्वल म्हटलं की माझ्या पिढीला दरवेशी आठवतो. निपाणीत बाजाराच्या दिवशी तंबाखूच्या वखारींसमोर तो डमरू वाजवत यायचा. अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली. मुलांची भीती जावी म्हणून आया मुलांना त्याच्या पाठीवर बसवायच्या, केस मागून घेऊन ताईत करायच्या. माझ्या गळ्यातही तो ताईत होता. नाकाची ती जखम कधीच भरून येत नाही, दोरी ओढली की प्रत्येक वेळी दुखते म्हणून ते मागच्या पायांवर उभं राहतं, हे मला शिक्षिका झाल्यावर समजलं. आम्ही त्याला नाच म्हणत होतो.

अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा रोजगार देऊन ती अस्वलं सोडवली गेली. शेवटचं नाचणारं अस्वल २००९ च्या डिसेंबरात आपल्याच कर्नाटकात, बन्नेरघट्ट्याच्या केंद्रात पोहोचलं. शेकडो वर्षांची रीत एका पिढीत थांबली. आज माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने दरवेशी पाहिलेला नाही, याचा मला फार आनंद आहे.

जंगलवाट, एक विचारते. ही हिमालयातली अस्वलं हिवाळाभर झोपतात म्हणजे नेमकं काय होतं? सहावीच्या मुलांना मी दरवर्षी 'शीतनिद्रा' एवढा एक शब्द सांगून पुढे जाते.

---

जंगलवाट | सोमवार, रात्री ९:३५

बाई, हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे, त्यामुळे लांबण लागेल.

बेडूक किंवा मार्मोट झोपतो तेव्हा त्याचं अंग गारठतं. अस्वलाचं तसं नसतं. त्याचं तापमान ३७-३८ अंशांवरून चार-पाच अंशच उतरतं, म्हणून डिवचलं तर ते जागं होऊ शकतं. पण चार-पाच महिने ते खात नाही, पाणी पीत नाही, लघवी करत नाही, विष्ठा टाकत नाही. आपण आठवडाभर अंथरुणावर पडलो तरी पाय लटपटतात. अस्वल वसंतात बाहेर येतं तेव्हा त्याचे स्नायू बहुतेक जसेच्या तसे असतात. लघवीतून जायचं ते युरिया शरीर पुन्हा वापरतं आणि त्यातला नायट्रोजन प्रथिनं बनवायला जातो. मूत्रपिंड आणि हाडांचे विकार अभ्यासणारे डॉक्टर अस्वलाकडे बघतात ते याचसाठी.

याहून नवलाची गोष्ट मादीची. नर-मादी एकत्र येतात उन्हाळ्याच्या सुरुवातीला. गर्भ मात्र लगेच रुजत नाही, बारीक गोळा होऊन थांबून राहतो. शरद ऋतूपर्यंत मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली तर तो रुजतो, नाही साठली तर विरून जातो. मग जानेवारी-फेब्रुवारीत, गुहेच्या अंधारात, बाहेर बर्फ असताना ती विते. पिल्लू अर्धा किलोच्या आतबाहेर, डोळे मिटलेलं, अंगावर विरळ लव. मादी उपाशी असूनही त्याला पाजते. मुलांना सांगा, ती आई नुसती झोपलेली नसते.

म्हणून शरदातले ते दोन महिने सगळं ठरवतात. त्या दिवसांत अस्वल अधाशासारखं खातं. अमेरिकेत यलोस्टोनजवळच्या उंच खडकांत ते दगड उलटून पतंग खातं, दिवसाला ४०,००० पर्यंत. हिमालयात गवत, मुळं, मुंग्या, मार्मोट. आणि नेमकं त्याच वेळी उकिरड्यावर पीठ, तेल, साखर दिसली तर ते खणेल कशाला? काका, तुमच्या मादीने जे केलं ते तिच्या दृष्टीने शहाणपणाचंच होतं. तुर्कस्तानात सारिकामिश म्हणून गाव आहे. तिथे अस्वलांना पट्टे बांधून पाहिलं तर उकिरड्यावर जाणारी अस्वलं वर्षभर गावाभोवतीच राहत होती आणि बाकीची शरदात कितीतरी लांब चालत जाऊन जंगलातलं खात होती. एकाच जंगलातली अस्वलं, पण जगणं दोन तऱ्हांचं.

---

लोंढा_जंक्शन | सोमवार, रात्री १०:०५

एक शंका. यती म्हणतात तो हिममानव म्हणजे हेच का?

---

जंगलवाट | सोमवार, रात्री १०:२०

बहुतेक हेच. शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, कातडी असे ९ नमुने तपासले. ८ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. त्याच कामातून कळलं की हिमालयातली ही शाखा बाकीच्या तपकिरी अस्वलांपासून साडेसहा लाख वर्षांपूर्वीच फुटलेली आहे. म्हणजे ही गेली तर रशियातून चार आणून सोडता येतील असं नाही.

---

अथणी_बुलेट | मंगळवार, सकाळी ६:५०

आम्ही सहा जण जूनमध्ये श्रीनगर-द्रास-कारगिल-लेह जाणार आहोत. द्रासच्या पुढे दोन रात्री तंबू टाकायचा बेत आहे. हा धागा वाचून ग्रुपवर टाकला. आम्ही काय करावं आणि काय करू नये?

---

फौजी_उचगाव | मंगळवार, सकाळी ७:३०

बाबांनो, खाणं तंबूत ठेवू नका. तंबूपासून लांब, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि शिजवायचंही लांबच. उरलेलं उघड्यावर टाकू नका, पुरूही नका, ती नखं वीतभर मातीला ऐकत नाहीत. सगळा कचरा पिशवीत बांधून शहरापर्यंत परत न्या. अस्वल दिसलं तर फोन काढून पुढं जायचं नाही. पळायचंही नाही, तोंड तिकडेच ठेवून हळू मागे सरायचं. पिल्लू एकटं दिसलं तर आई जवळच आहे असं समजा.

द्रास भागात लोकांनी दगड मारत अस्वलाला कड्यावर चढवलं आणि ते नदीत कोसळलं, तो व्हिडिओ काही वर्षांपूर्वी सगळीकडे फिरला होता. मी पूर्ण बघू शकलो नाही. वाटेत असं काही दिसलं तर गर्दीत उभं राहू नका.

आणि कितीही गोड दिसलं तरी चपाती टाकू नका.

---

अथणी_बुलेट | मंगळवार, सकाळी ७:४५

होय काका. नक्की.

---

यळ्ळूर_गड | मंगळवार, दुपारी १:१५

माझा प्रश्न तरीही उरतोच. उकिरडा बंद केला की सवय लागलेली अस्वलं काय खाणार? ती मग गावातच शिरणार ना?

---

जंगलवाट | मंगळवार, रात्री ८:५०

यळ्ळूरकर, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. यलोस्टोनमध्ये हेच घडलं. तिथे पूर्वी हॉटेलांचा कचरा उघड्या खड्ड्यांत टाकायचे आणि बाकं मांडून लोकांना अस्वलं दाखवायचे. १९७० च्या सुमारास ते खड्डे झपाट्याने बंद केले. क्रेगहेड बंधू तिथे वर्षानुवर्षं अस्वलांचा अभ्यास करत होते, ते सांगत होते की हळूहळू बंद करा. ऐकलं गेलं नाही. भुकेली अस्वलं तंबूंकडे, वस्त्यांकडे वळली आणि फार मोठ्या संख्येने मारली गेली. १९७५ मध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं तेव्हा त्या टापूत अंदाजे १३६ उरली होती. मग अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेट्या आल्या, खायला घालणाऱ्याला दंड आला आणि एकेक मादी जपली गेली. आज तिथे हजाराच्या आसपास आहेत. पण त्याला चाळीस-पन्नास वर्षं लागली. हिमालयातल्या मादीच्या चालीने हिशेब केला तर आपल्याला याहून जास्त लागतील.

आणि तेवढा वेळ आहे का, हीच माझी रोजची काळजी. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडलं की तापमानवाढीमुळे २०५० पर्यंत पश्चिम हिमालयातला या अस्वलांचा सुमारे ७३ टक्के अधिवास जाईल. त्यांनी पाहिलेल्या १४ संरक्षित क्षेत्रांपैकी ८ मध्ये काहीच उरणार नाही. अस्वल वर सरकणार, कुरणं वर सरकणार, पण डोंगराला शेंडा असतोच. अशा वेळी उकिरडा ही निदान आपल्या हातातली गोष्ट आहे. सोनमर्गपासून द्रास-झंस्कारपर्यंत हॉटेलं, छावण्या, यात्रा, रस्त्याची कामं, सगळीकडे एकच चित्र. झंस्कारमध्ये अस्वलं घरं फोडून साठवलेलं धान्य खातात. मेंढपाळाचं नुकसान वेगळंच, एका रात्रीत चार-पाच मेंढ्या गेल्या तर त्याच्या वर्षाचं गणित मोडतं. लडाखात गोठ्यांना वरून जाळी, भक्कम दार करून देतात, तसं जिथे झालंय तिथे राग निवळलेला मी स्वतः पाहिलाय. भरपाई वेळेवर मिळाली तर माणूस दगड उचलायच्या आधी थांबतो. तुमच्या चुलत्यांना काही मिळालं होतं का?

---

यळ्ळूर_गड | मंगळवार, रात्री ९:२०

मिळालं, खरं तीन वर्षं हेलपाटे घालून. कागद मराठीत होते आणि फॉर्म कन्नडमध्ये. शेवटी एका ओळखीच्या मास्तरांनी भरून दिला. कोणाच्या वाडीत असं काही झालं असेल तर मला निरोप करा, फॉर्म कसा भरायचा ते आता मला पाठ आहे. मी येऊन भरून देतो.

---

निपाणीकर_बाई | मंगळवार, रात्री ९:३०

यळ्ळूरकर, मला कन्नड लिहिता येतं. दोघं मिळून करू.

---

कणकुंबी_पाऊस | बुधवार, सकाळी ८:००

आमच्या वाडीतल्या दोघांपैकी एकाचा अर्ज अजून पडून आहे. येत्या रविवारी या, जेवायलाच या.

काका, मेहुण्याच्या बागेत काजूची बोंडं कुठं टाकतात? आमच्याकडे बिया काढून घेतात आणि बोंडं बांधाला ढीग करून सोडतात. चार दिवसांत ती आंबतात, वास पार रानात जातोय. अस्वल बागेत येतंय म्हणजे त्या ढिगाकडे येतंय. फणसाचे चारखंडही तसेच. तुमच्या द्रासच्या घळीवरनं मला तेच आठवलं.

---

फौजी_उचगाव | बुधवार, सकाळी ८:४०

ढीग आहे. विहिरीजवळ, घरापासून तीस पावलांवर. राखणीची पोरं त्याच ढिगाकडे पाठ करून बसली होती आणि माझ्या ध्यानात आलं नाही. आजच निघतो.

---

फौजी_उचगाव | पुढच्या गुरुवारी, रात्री ८:१०

बुधवारी मेहुणा आणि मी मिळून सगळी बोंडं उचलली. निम्मी म्हशींना घातली, उरलेली छातीएवढ्या खड्ड्यात पुरून वर दगड लोटले. आता रोजची बोंडं रोज संध्याकाळच्या आत उचलायची असं ठरलंय. मेहुणी पहिल्यांदा कटकट करत होती, आता तीच पोरांना हाक मारते.

पहिल्या तीन रात्री अस्वल आलं, विहिरीपर्यंत. जागा हुंगून, दगड उकरून गेलं. चौथ्या रात्रीपासून नाही. आज सकाळी बागेच्या मागच्या बाजूला फिरलो तर कुंपणाबाहेर दोन वारुळं ताजी फोडलेली होती. मऊ मातीत माग होता, मोठा एक आणि त्याच्या आगेमागे लहान मागच नव्हते. पाऊस, म्हणजे पिल्लं पाठीवर असणार ना?

---

कणकुंबी_पाऊस | गुरुवार, रात्री ८:२५

असतील की. दिवस तेच आहेत. उद्या सकाळी त्या बाजूला जाऊ नका, आणि पोरांना सांगा घुंगरू बांधायला.